बर्फातला कामिनो : हिवाळ्याने घडवलेली वाट

स्पेनच्या वायव्य टोकाला सांतियागो दे कॉम्पोस्तेला इथे येशूचे शिष्य संत याकोब यांची समाधी आहे, अशी श्रद्धा आहे. तिथवर पायी जाणाऱ्या वाटांना कामिनो म्हणतात. त्यांतली सर्वांत वर्दळीची ‘फ्रेंच वाट’ फ्रान्स-स्पेन सीमेवरचे पिरेनीज पर्वत ओलांडून पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास चालवते. नोव्हेंबर लागला की तिच्यावरच्या बऱ्याच मुक्कामघरांना कुलपं लागतात, आणि हिवाळ्यात निघणारा माणूस जगावेगळा वाटू लागतो. जुने कागद पाहिले तर तो मुळीच जगावेगळा नाही.

फ्रान्समधल्या ल पुईचे बिशप गोदेस्काल्क इ. स. ९५० मध्ये सांतियागोला निघाले. पिरेनीजपलीकडून आलेल्या ज्या यात्रेकरूंची नावं टिकली आहेत, त्यांत हे अगदी सुरुवातीचं नाव. वाटेत अल्बेल्दाच्या मठात त्यांनी एका ग्रंथाची नक्कल करवून घेतली. ती करणाऱ्या भिक्षूने नोंदवून ठेवलंय, की बिशपांनी ही पोथी हिवाळ्यात, जानेवारी महिन्यात स्पेनमधून नेली. म्हणजे ९५१ चा जानेवारी. शिवाय स्पेनच्या जुन्या उपासनापद्धतीत याकोबांचा सणच ३० डिसेंबरला येई. आज गाजतो तो २५ जुलैचा.

थंडीत माणसं येतच राहिली, म्हणून वाटेवर त्यांच्यासाठी सोयी उभ्या राहिल्या. माझ्या मते या वाटेचा खरा इतिहास इथे आहे. रोन्सेस्वायेसची धर्मशाळा ११३० च्या सुमारास पांप्लोनाच्या बिशपांनी स्थापली, पिरेनीजच्या खिंडीला अगदी लागून. तिच्यावर रचलेलं एक लॅटिन स्तुतिकाव्य सांगतं, की इथलं दार आजाऱ्याला उघडं, धडधाकटाला उघडं, आणि ख्रिस्ती नसलेल्यालाही उघडं. वरच्या इबान्येता खिंडीत धुकं उतरलं की घंटा वाजवत, आवाजाच्या रोखाने यात्रेकरू खाली यावेत म्हणून. फ्रान्समधल्या ओब्राकच्या उघड्या पठारावरही अशीच ‘हरवलेल्यांची घंटा’ होती. भरकटलेल्यांना माघारी बोलाव, अशा अर्थाचे शब्द तिच्यावर कोरलेले होते.

लेओनच्या डोंगरातली युक्ती मला सर्वांत आवडते. एल असेबो गावच्या लोकांना करमाफी होती. बदल्यात त्यांनी वाटेच्या कडेने लाकडी खांब रोवायचे, म्हणजे बर्फाने वाट बुजली तरी दिशा सापडावी. काम साधं, पण दर हिवाळ्याला निगा मागणारं. किती जीव त्या खांबांनी वाचवले असतील, ते कुठल्याच वहीत नाही.

पुढे, सांतियागो ज्या प्रांतात आहे त्या गालिसियाच्या उंबरठ्यावर ओ सेब्रेरो, सुमारे १,३०० मीटर उंचीवर. इथली कथा १३०० च्या आसपासची. खालच्या गावातला एक शेतकरी वादळातून प्रार्थनेसाठी चढून आला. प्रार्थनेतल्या एवढ्याशा भाकरीसाठी आणि द्राक्षारसासाठी हा इतका जिवावर उदार होतो, असं धर्मगुरूच्या मनात आलं, आणि त्याच्या हातातच भाकरीचं मांस आणि द्राक्षारसाचं रक्त झालं. चमत्कार मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात एवढं दिसतं, की त्या वादळातही देऊळ उघडं होतं.

हा घाट टाळायला एक पर्याय होता, त्याचं नावच ‘हिवाळी वाट’, कामिनो दे इन्विएर्नो. फ्रेंच वाटेवरच्या पोन्फेर्रादाहून ती सिल नदीच्या खोऱ्यात उतरते, रोमनांनी सोन्यासाठी फोडलेल्या लास मेदुलासच्या लाल डोंगरांवरून जाते आणि मोन्फोर्ते, चान्तादा करत सांतियागोला पोचते. अंतर २६० किलोमीटरच्या वर, म्हणजे पोन्फेर्रादापासून पुढच्या फ्रेंच वाटेपेक्षा लांब. पण उंच घाटातलं बर्फ चुकतं. सांतियागोच्या कॅथेड्रलने तिला अधिकृत मान्यता दिली ती थेट २०१६ मध्ये.

आज सगळ्या कामिनोवर दिशा दाखवणारे पिवळे बाण ज्यांनी १९८४ मध्ये रंगवायला घेतले, ते एलिआस वालिन्या याच ओ सेब्रेरोचे धर्मगुरू होते. पिरेनीजचा उंच ‘नेपोलियन मार्ग’ आता १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असतो. त्या काळात यात्रेकरूंनी वाल्कार्लोसच्या दरीतून चढायचं. ती वाटही रोन्सेस्वायेसच्या त्याच दाराशी येते.