कविता पाठवण्याआधी: ओळींचा आणि चौकटींचा हिशेब

अभिजात कवितांच्या चित्रकथा करून देणं हे आमचं काम. तुम्ही कविता पाठवता, आम्ही ती पानांवरच्या चौकटींत मांडून आधी पेन्सिलीत आणि मग शाईत, रंगांत काढतो. हे पत्रक मुख्यतः एका अडचणीसाठी काढलं आहे. जवळजवळ प्रत्येक कामात ती येते आणि तिच्यापायी तुमचेही आठवडे जातात, आमचेही.

कविता आमच्याकडे येते ती आधीच तुकडे पाडून. डाव्या रकान्यात ओळ, उजव्या रकान्यात चित्र. ओळीत झरा असला की चित्रात झरा, ओळीत गाव असलं की चित्रात गाव. तक्ता मेहनतीने केलेला असतो, करणाऱ्याचा त्या कवितेवर जीव आहे हेही त्यातून दिसतं. पण त्याबरहुकूम काम केलं की पेन्सिलीचा टप्पा संपता संपता निरोप येतो: ‘चित्रं सुंदर आहेत, पण कविता कुठेतरी हरवली.’ मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शब्दांनी सांगून झालेली गोष्ट चित्राने पुन्हा सांगितली, तर वाचकाला दोन्हींची गरज उरत नाही. दोन-तीन चौकटींनंतर तो एकतर नुसतं वाचतो किंवा नुसतं बघतो. चित्रकथेत अर्थ तयार होतो तो शब्द आणि चित्र यांच्यामधल्या अंतरात, आणि दोन चौकटींमधल्या कोऱ्या फटीत. ओळीला एक चौकट बांधली की ते अंतरच बुजतं.

बालकवींचा ‘औदुंबर’ घ्या. आठ ओळी, कित्येकांना शाळेपासून पाठ. एका शिक्षिकेने आम्हाला तिचा तक्ता पाठवला: आठ ओळी, आठ चौकटी. शिवाय पहिल्या चौकटीपासूनच मागे औदुंबर मोठा दिसायला हवा, कारण कवितेचं नाव तेच. आम्ही तसा आराखडा काढला. शेवटच्या ओळीपाशी आलो तेव्हा दाखवायला काही शिल्लकच नव्हतं. झाड वाचकाने तोवर सात वेळा पाहिलेलं होतं.

मग बाईंसोबत बसून कविता मोठ्याने वाचली. नजर झऱ्याबरोबर निघते, टेकडीकडच्या चार घरांपाशी पोचते, शेतमळ्यांतून पांढऱ्या पायवाटेला लागते आणि काळ्या डोहाशी येऊन थांबते. रंगसुद्धा कवीनेच देऊन ठेवले आहेत: हिरवा, निळासावळा, पांढरा आणि शेवटी काळा. आठ ओळींत माणूस एकही नाही. आणि अगदी शेवटी, पाय पाण्यात टाकून, कोणीतरी बसलेलं दिसतं. तोवर त्याची चाहूलही नसते. हे बसलेलं असणं दाखवायचं, तर त्याआधी झाड दिसता कामा नये.

दुसरा आराखडा चार पानांचा झाला. पायवाट एका चौकटीतून निघते, फट ओलांडते आणि पुढच्या चौकटीत शिरते. दोन चौकटींत शब्दच नाहीत, नुसती वाट. गाव अंगठ्याच्या नखाएवढं. तिसऱ्या पानाच्या शेवटी डोहाची फक्त कड दिसते. पान उलटलं की चौथं पान: पानभर काळं पाणी आणि एका कडेला त्यात पाय सोडून बसलेला तो औदुंबर. मुलांना वाचून दाखवताना पान उलटण्याआधी आपोआप थांबायला होतं, असं बाईंनी नंतर कळवलं. आम्हाला एवढंच हवं होतं.

केशवसुतांच्या ‘तुतारी’बाबतही हेच घडतं. पहिल्याच चौकटीत जोरात तुतारी फुंकणारा तरुण हवा, अशी मागणी येते. पण कवी तुतारी मागतो आहे, ती त्याच्या हातात अजून नाही. पहिली चौकट रिकाम्या हाताची काढली, तर ‘द्या मज’ या दोन शब्दांना बळ येतं. तुतारी आधीच हातात दिली, तर मागणं पोकळ होतं.

‘एवढीशी कविता, मग इतके दिवस का?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तर असं की पहिले काही दिवस आम्ही काहीच काढत नाही. कविता मोठ्याने वाचतो, श्वास कुठे थांबतो तिथे खूण करतो. वृत्ताची लय चौकटींच्या आकारात उतरवावी लागते. ज्ञानेश्वरीतली ओवी पाहा: पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, यमकाशिवाय सुटा. तीन भरलेल्या चौकटी आणि चौथी लहान, जवळजवळ रिकामी, असं काढून पाहिलं की ओवीचं ते थबकणं डोळ्यांना कळतं. हे घाईत सापडत नाही. आणि एकदा सापडलं की पुढचं रेखाटन, शाई, रंग हे सगळं भराभर होतं.

अक्षरांबद्दल थोडं. देवनागरीला ओळीच्या वर रफार, मात्रा, वेलांटी लागते आणि खाली उकार. रोमन कॅपिटल अक्षरांसाठी आखलेल्या संवादाच्या फुग्यात आपला मजकूर कोंबला की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात. म्हणून आम्ही अक्षरांची जागा चित्राआधी आखतो आणि अक्षरं हाताने लिहितो. यामुळेच एक विनंती आहे: मूळ पाठ सुरुवातीलाच पक्का करा. मोबाइलवर फिरणाऱ्या कवितांत ओळी गळालेल्या असतात, शब्द बदललेले असतात. विश्वासार्ह छापील संग्रहातल्या पानाचा फोटो पाठवलात तर उत्तम. जुन्या कवितेत ‘घेउन’, ‘बेटाबेटांतुन’ असा ऱ्हस्व उकार दिसला तर तो ‘सुधारू’ नका. तो वृत्तासाठी आहे. दीर्घ केला की उच्चाराची एक मात्रा वाढते आणि ओळ लंगडते. जुने अनुस्वारही आम्ही छापील पाठाप्रमाणे ठेवतो. कवितेतला एकही शब्द आम्ही बदलत नाही, गाळत नाही. याबाबतीत आम्ही हट्टी आहोत आणि तसेच राहू.

कवितेच्या हक्कांचं (कॉपीराइटचं) काम तुमच्याकडे असतं, पण त्याची चौकशी आम्ही आधी करतो. याचं काहींना वाईट वाटतं. भारतात कवीच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क वारसांकडे असतात. केशवसुत (निधन 1905), बालकवी (1918), भा. रा. तांबे (1941), मर्ढेकर (1956) यांच्या कविता आज मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, म्हणजे 2059 अखेरपर्यंत परवानगी हवीच. ‘आम्ही फक्त चित्रं काढतोय’ हा बचाव चालत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या रूपांतराच्या व्याख्येत चित्रांतून सांगितलेली आवृत्ती स्पष्टपणे धरलेली आहे. अनुवादाचंही लक्षात ठेवा: ‘मेघदूत’ सगळ्यांचं आहे, पण त्याचा अलीकडचा मराठी अनुवाद अनुवादकाचा असतो. परवानगीचं पत्र कसं लिहायचं याचा नमुना आम्ही देतो, त्यासाठी वेगळं काही घेत नाही.

मग तक्त्याऐवजी काय पाठवायचं? पूर्ण कविता, छापील पाठासह. ती कोणासाठी करायची आहे: वर्गातल्या मुलांसाठी, घरच्यांसाठी की छापील पुस्तिकेसाठी. पुस्तिका पिना मारून बांधायची असेल तर पानं चारच्या पटीत धरावी लागतात, म्हणून पानांचा अंदाजही लिहा. आणि एक छोटा परिच्छेद, जो आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो: ही कविता वाचताना तुम्ही नेमके कुठे थांबता, आणि तिथे डोळ्यांसमोर काय येतं. ते कवितेत लिहिलेलं नसलं तरी चालेल, नसलं तर जास्तच बरं. एकांनी लिहिलं होतं की अमुक ओळीला त्यांना आजोबांच्या खोलीतला विझलेला दिवा आठवतो. त्या दिव्यावरून आम्हाला अख्ख्या पानाचा उजेड ठरवता आला.

त्यानंतर आमच्याकडून पेन्सिलीतला आराखडा येईल. चौकटी, पानांचा क्रम, अक्षरांच्या जागा, सगळं त्यात असेल. तो कविता हातात न धरता एकदा बघा आणि मग कवितेसोबत एकदा. जे खटकेल ते त्याच वेळी मोकळेपणाने सांगा, आराखडा कितीही वेळा बदलायची आमची तयारी असते. शाई लागल्यावर मात्र चौकट हलवायची म्हणजे पान नव्याने काढावं लागतं.