शिरगणतीवर उभी असलेली सीमा

एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. त्याच आठवड्यात डब्लिनच्या मुख्य पोस्ट ऑफिसावर आयरिश बंडखोरांचा ताबा होता आणि ब्रिटिश तोफा शहरात आग ओकत होत्या. होमरूल, म्हणजे साम्राज्यात राहून आपला कारभार आपणच करणं, हा शब्द आपल्याकडे आयर्लंडातूनच आला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो टिळक आणि अ‍ॅनी बेझंट यांच्यापाशी थांबतो. ज्या बेटावर तो जन्मला, तिथं मात्र त्याच मागणीपायी देशाचे दोन तुकडे झाले आणि ते पुन्हा जोडावेत का, हा वाद आजही चालू आहे.

होमरूलला सगळा आयर्लंड तयार नव्हता. १६०९ पासून इंग्रज राजवटीने उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात स्कॉटलंड आणि इंग्लंडमधून आणलेले प्रॉटेस्टंट शेतकरी वसवले होते आणि जमिनी मूळच्या कॅथलिक आयरिश कुळांकडून काढून घेतल्या होत्या. तीनशे वर्षांनी त्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांना उपरं म्हणणं अन्यायाचं होतं. त्यांची थडगी तिथंच होती, शेतं तिथंच होती. पण डब्लिनच्या संसदेत आपण कायमचे अल्पसंख्य होऊ, ही त्यांची भीती खरी होती. २८ सप्टेंबर १९१२ रोजी बेलफास्टच्या सिटी हॉलमध्ये होमरूलविरोधी प्रतिज्ञापत्रावर सह्या सुरू झाल्या. पुरुषांसाठी एक आणि बायकांसाठी वेगळं, अशा दोन प्रतिज्ञापत्रांवर मिळून पावणेपाच लाखांच्या आसपास सह्या पडल्या.

पुढे १९२० च्या कायद्याने रेघ ओढली, आणि ती कुठून ओढायची हे शिरगणतीने ठरवलं. अल्स्टरमध्ये काउंट्या नऊ. नऊच्या नऊ घेतल्या असत्या तर प्रॉटेस्टंटांचं बहुमत निसटतं राहिलं असतं. म्हणून डॉनिगॉल, कॅव्हन आणि मॉनहन वगळून सहाच ठेवल्या. त्या सहांत प्रॉटेस्टंट साधारण दोन तृतीयांश भरत होते. त्यातल्या टिरोन आणि फर्मॅनामध्ये कॅथलिकांचं बहुमत होतं, डेरी शहरातही होतं, पण हिशेबात ते धरलं गेलं नाही. मे १९२१ मध्ये उत्तर आयर्लंड अस्तित्वात आला. पेटिगो नावाच्या गावातून ओढा वाहतो. त्याच्या एका काठावरची घरं एका राज्यात गेली आणि समोरच्या काठावरची दुसऱ्यात.

माझ्या मते आजच्या वादाचं मूळ इथंच आहे. बहुमत आधी ठरवलं आणि मग त्याला साजेसा देश कापला. अशा राज्याला आपल्याच अल्पसंख्याकांच्या लोकसंख्येची धास्ती वाटत राहणार, हे उघड होतं.

आणि तसंच झालं. पन्नास वर्षं एकाच युनियनिस्ट पक्षाची, म्हणजे ब्रिटनशी जोड टिकवू पाहणाऱ्यांची, सत्ता राहिली. डेरीत मतदार बहुसंख्य कॅथलिक, पण प्रभागांची रचना अशी की नगरपालिकेच्या वीसपैकी बारा जागा युनियनिस्टांना. स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क घराशी जोडलेला होता, त्यामुळे सरकारी घर कुणाला द्यायचं हा मत कुणाला द्यायचं असा प्रश्न होऊन बसला. जून १९६८ मध्ये टिरोनमधल्या कॅलेडन गावात कॅथलिक कुटुंब पोराबाळांसह घराबाहेर काढलं गेलं, आणि शेजारचं नवं घर मिळालं एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रॉटेस्टंट मुलीला. ती एका युनियनिस्ट राजकारण्याकडे सेक्रेटरी होती. आमदार ऑस्टिन करी त्या घरात शिरून ठिय्या मारून बसले. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं, पण तोवर प्रश्न देशभर पोचला होता. नागरी हक्कांची चळवळ पेटली ती अशा एकेका घरावरून.

त्यानंतरची तीस वर्षं रक्ताची. साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. एकसंध आयर्लंडासाठी लढणारी सशस्त्र संघटना आयआरए, युनियनिस्टांच्या सशस्त्र टोळ्या, ब्रिटिश सैन्य, सगळ्यांचे हात माखले. ३० जानेवारी १९७२ ला डेरीत सैनिकांनी निःशस्त्र मोर्च्यावर गोळ्या झाडून तेरा जणांना मारलं, चौदावा नंतर गेला. त्याच वर्षी लंडनने कारभार स्वतःकडे घेतला. मार्च १९७३ मध्ये सीमेवर सार्वमतही झालं. ९८.९ टक्के मतं ब्रिटनमध्ये राहण्याच्या बाजूने पडली, कारण नॅशनलिस्टांनी, म्हणजे एकसंध आयर्लंड हवा असणाऱ्यांनी, बहिष्कार टाकला होता. इतका मोठा आकडा इतका निरुपयोगी क्वचितच ठरला असेल.

१० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराकडे पाहताना शस्त्रं खाली ठेवली गेली हेच जास्त सांगितलं जातं. मला त्यातलं दुसरं एक कलम अधिक मोलाचं वाटतं. उत्तर आयर्लंडात जन्मलेल्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणवावं, ब्रिटिश म्हणवावं, किंवा दोन्ही म्हणवावं, तो त्याचा जन्मसिद्ध हक्क. पासपोर्टही दोन्ही घेता येतील. आणि उद्या सार्वभौमत्व बदललं तरी हा हक्क बदलणार नाही. देश कोणता, हे अजून मोजणीवरच ठरणार. पण तू कोण, हे मोजणीतून बाहेर काढलं. दक्षिणेतल्या स्वतंत्र आयर्लंडच्या डब्लिन सरकारनेही राज्यघटनेतला उत्तरेवरचा थेट दावा सोडला आणि बेटावरच्या सर्व लोकांना त्यांच्या वेगवेगळ्या ओळखींसह, दोन्हीकडच्या बहुमताच्या संमतीनेच एकत्र आणायचं, असं लिहिलं. सार्वमतात दक्षिणेत ९४ टक्के आणि उत्तरेत ७१ टक्के लोकांनी कराराला होकार दिला.

कागदावर हे झालं, बोलण्यात अजून व्हायचंय. शहराला डेरी म्हणता की लंडनडेरी, यावरून बोलणारा कुठला ते कळतं. बेळगाव की बेळगावी हे ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. इंग्रजी मुळाक्षरांतल्या 'एच'चा उच्चार प्रॉटेस्टंट घरांत 'एच' आणि कॅथलिक घरांत 'हेच' असा होतो, असं तिथं मानतात. लहानपणी शाळेत गिरवलेलं एक अक्षर माणसाची जात सांगून जातं. उलट क्रिकेटचा संघ मात्र पहिल्यापासून एकच. २०११ च्या विश्वचषकात बंगळूरला इंग्लंडला हरवणाऱ्या संघात शतक होतं डब्लिनच्या केव्हिन ओब्रायनचं, आणि कर्णधार होता उत्तरेतला विल्यम पोर्टरफील्ड. दोघांना चालेल असं राष्ट्रगीत नाही, म्हणून तिथं एक वेगळंच गाणं म्हणतात.

आता शिरगणती उलटली आहे. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के, प्रॉटेस्टंट ४३.५. ब्रेक्झिटला उत्तर आयर्लंडने ५६ टक्के विरोध करूनही युरोपीय संघाबाहेर जावं लागलं, आणि जुन्या सीमेवर नाके नकोत म्हणून मालाची तपासणी ब्रिटनकडून येणाऱ्या समुद्रवाटेवर आली. युनियनिस्टांना ते आपल्याच देशातून वेगळं काढल्यासारखं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिन फेन या एकसंध आयर्लंड मागणाऱ्या पक्षाच्या मिशेल ओनील पहिल्या नॅशनलिस्ट प्रथम मंत्री झाल्या. करारानुसार एकीकरणाच्या बाजूने बहुमत होईलसं दिसलं की ब्रिटिश मंत्र्याने सार्वमत घ्यायचं. ते कशावरून दिसावं, हे करारात लिहिलेलं नाही. निम्म्याहून एक मत जास्त पडलं तरी पुरे.

कायद्याने पुरे, पण नॅशनलिस्टांचेच एक मोठे नेते शेमस मॅलन अखेरच्या काळात सांगत होते की युनियनिस्टांची पुरेशी संमती मिळेपर्यंत थांबा. त्यांच्यावर टीका झाली. एका बाजूला बहुमत पुरतं आणि दुसरीला जास्त लागतं, हा कुठला न्याय, असं लोक म्हणाले. टीका रास्त होती. तरीही मॅलन यांची काळजी मला पटते, कारण १९२० मध्ये मोजून घेतलेल्या बहुमताने काय केलं ते समोर आहे. उद्याच्या देशात झेंडा कोणता, डॉक्टरकडे गेल्यावर पैसे द्यावे लागतील का, प्रॉटेस्टंटांच्या बारा जुलैच्या मिरवणुका निघतील का, याची उत्तरं मतदानाआधी हवीत.

शिवाय धर्म मोजून मत कळत नाही. त्याच जनगणनेत फक्त ब्रिटिश म्हणवणारे ३१.९ टक्के, फक्त आयरिश २९.१, आणि १९.८ टक्के लोकांनी फक्त 'नॉर्दर्न आयरिश' लिहिलं. पूर्व बेलफास्ट हा युनियनिस्टांचा बालेकिल्ला. तिथं लिंडा अर्व्हिन या प्रॉटेस्टंट बाई आयरिश भाषेचे वर्ग चालवतात. वर्गात येणारे शिकतात की ब्रिटिश झेंड्यांनी सजणाऱ्या शँकिल रोडचं नाव मुळात आयरिश आहे: शान खिल, जुनं चर्च.