अमेरिकेचा आयकर नाकारणाऱ्यांचे दावे आले कुठून?

केंद्रीय आयकर आपल्याला लागूच होत नाही, असे म्हणणारे लोक अमेरिकेत वर्षानुवर्षे कोर्टात उभे राहतात आणि हरतात. तरी त्यांचे दावे निव्वळ हवेतले नाहीत. एके काळी तिथला आयकर खरोखरच घटनाबाह्य ठरला होता.

यादवी युद्धाच्या खर्चासाठी बसवलेला पहिला आयकर १८७२ मध्ये बंद झाला. १८९४ मध्ये चार हजार डॉलरवरच्या उत्पन्नावर दोन टक्के कर आला. पुढच्याच वर्षी पोलॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. भाडे, व्याज, लाभांश यांवरचा कर हा ‘प्रत्यक्ष कर’ असून तो राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणातच विभागला पाहिजे, असे बहुमत म्हणाले. ती अट दूर करण्यासाठी १६वी घटनादुरुस्ती आली, फेब्रुवारी १९१३ मध्ये. १९१६ च्या ब्रशेबर निकालाने नवा कर वैध ठरवला.

कायद्यापुरता प्रश्न तिथे मिटला. पण दुसऱ्या महायुद्धात कर सामान्य नोकरदारांपर्यंत पोहोचला, १९४३ पासून पगारातूनच कापला जाऊ लागला, आणि पळवाटा शोधणारेही वाढले. पगार हे उत्पन्न नसून श्रमाचा मोबदला आहे, असे कोणी म्हणाले. विवरणपत्र स्वतः भरायचे म्हणजे कर ऐच्छिक, असे दुसऱ्याने. सर्वांत चिवट दावा ओहायोचा. १८०३ मध्ये या राज्याच्या प्रवेशाचा औपचारिक ठराव राहून गेला होता. तो काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९५३ मध्ये पूर्वलक्षी पद्धतीने केला. म्हणून ओहायोने १६व्या दुरुस्तीला दिलेली मंजुरी बाद, म्हणून दुरुस्तीही बाद! पण गरज ३६ राज्यांच्या मंजुरीची होती आणि १९१३ च्या घोषणेत मंजुरी देणारी ३८ राज्ये होती. ओहायो वगळले तरी दुरुस्ती उभीच राहते.

कर टाळण्यासाठी काही जण स्वतःला ‘अनिवासी परदेशी’ म्हणवतात. प्रत्यक्षात परदेशी नागरिकही सुटत नाहीत: न्यू जर्सीतल्या ग्रीनकार्डधारक मराठी माणसाला पुण्यातल्या मुदतठेवीचे व्याजसुद्धा तिथे दाखवावे लागते.

१९९१ चा चीक निकाल तर दोन्ही बाजू दाखवतो. वैमानिक जॉन चीक यांनी विवरणपत्रे भरणे थांबवले होते. कायदा समजण्यात प्रामाणिक चूक झाली असेल, तर ती कितीही अवाजवी असली तरी हेतुपुरस्सर गुन्हा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र कायदाच घटनाबाह्य आहे हा विश्वास बचाव होऊ शकत नाही, असेही बजावले. फेरसुनावणीत चीक पुन्हा दोषी ठरले. आज असे निराधार दावे विवरणपत्रात मांडले तर कर आणि व्याजाखेरीज पाच हजार डॉलरचा दंड बसतो.