करन्याय व सेवाकपातविरोधी चळवळ (कोकण)

मोठ्या कंपन्यांनी पळवाटा, सवलती आणि परदेशात नोंदवलेल्या उपकंपन्या यांच्या आधारे कर टाळायचा आणि तिजोरीत पैसा नाही म्हणून सरकारने शाळा, दवाखाना, एसटी यांना कात्री लावायची, या दोन्हींचा एकत्र जाब विचारणारी लोकचळवळ. करचुकवेगिरी हा गुन्हा आहे. कर टाळणे मात्र बहुधा कायद्यात बसवून केलेले असते, त्यामुळे त्याविरुद्धची लढाई कोर्टापेक्षा रस्त्यावर आणि सभेतच जास्त होते. कोकणात ती या नावाने फारशी लढली गेली नाही. दाभोळचा वीजप्रकल्प, पेणचा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र), वाडीवरची बंद होऊ घातलेली शाळा अशा वेगवेगळ्या निमित्तांनी ती तुकड्यातुकड्यांनी पुढे आली. त्या लढ्यांत जमीन आणि समुद्र हे प्रश्न पुढे राहिले, पैशाचा हिशेब मागे पडला.

चळवळीचे अलीकडचे रूप ब्रिटनमधले. तिथल्या सरकारने ऑक्टोबर २०१० मध्ये सार्वजनिक खर्चात मोठी कपात जाहीर केली आणि आठवड्याभरात, २७ ऑक्टोबरला, काही डझन लोकांनी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे व्होडाफोनचे दुकान आत बसून बंद पाडले. कंपनीला करात मोठी सूट मिळाली, असा त्यांचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. ‘यूके अनकट’ या नावाने हे लोण शहराशहरांत गेले. बँकेच्या शाखेत घुसून तिथे तासाभरापुरते वाचनालय किंवा पाळणाघर थाटायचे, म्हणजे काय बंद होणार आहे ते ग्राहकाला डोळ्यांनी दिसते, ही त्यांची खास रीत. त्याच व्होडाफोनचा भारतातला खटला गाजला तो वेगळ्या कारणाने. २००७ मध्ये व्होडाफोनने हचिसन कंपनीचा इथला मोबाइल धंदा, जवळपास कर नसलेल्या केमन बेटांवरच्या एका कंपनीच्या शेअरमार्फत विकत घेतला. त्यावरचा कर भारतात लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ठरवले. सरकारने पूर्वलक्षी दुरुस्ती करून तो लावला आणि २०२१ मध्ये ती तरतूद मागे घेतली. एवढ्या मोठ्या प्रकरणात आपल्याकडे एकाही दुकानात कोणी ठिय्या मांडल्याचे ऐकिवात नाही.

वसुली कोणाकडून किती आणि त्यातले सरकारात किती पोहोचते, हा प्रश्न कोकणाला नवा नाही. खोती हीच मुळात मधल्या माणसाची व्यवस्था होती. खोत कुळांकडून वसूल करी, सरकारला ठरलेली रक्कम भरी, मधला फरक त्याचा. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला खोतांविरुद्धचा शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत चालला. एवढी वर्षे जमिनी पडीक ठेवणाऱ्या कुळांनी काय खाल्ले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये.

कंपनीच्या हिशेबाशी कोकणची पहिली मोठी गाठ पडली ती गुहागर तालुक्यात. एन्‍रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीशी जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये तिच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा. वीज घेतली नाही तरी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने ठरलेला आकार भरायचा आणि तोही डॉलरच्या भावाशी बांधलेला, ही त्यातली मेख. दाभोळ कंपनीचे शेअर मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत धरलेले होते. अंजनवेल, वेलदूर भागातल्या लोकांचे आक्षेप मात्र हाताला लागणारे होते: जमीन गेली, पाणी कुठून आणणार, गरम पाणी खाडीत सोडल्यावर मासळीचे काय. कराराची चिरफाड पुण्यात ‘प्रयास’ या संस्थेच्या अभ्यासकांनी आणि मुंबईत कामगार संघटनांनी केली. हिशेब शहरात मांडला गेला आणि लाठ्या गावाने खाल्ल्या. ३ जून १९९७ रोजी पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस शिरले, बायकांना घरातून ओढून मारहाण व अटक झाली. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या १९९९ च्या अहवालात याची सविस्तर नोंद आहे. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, मंडळाला बिले झेपेनात, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा तिचे आतले कारभार बाहेर आले. परदेशांत ८८१ उपकंपन्या, त्यांतल्या ६९२ केमन बेटांवर आणि ४३ मॉरिशसमध्ये. १९९६ ते २००० या पाच वर्षांतल्या चार वर्षांत अमेरिकेच्या केंद्र सरकारला प्राप्तिकर शून्य. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून एनटीपीसी, गेल या सरकारी कंपन्यांनी आणि वित्तसंस्थांनी तो प्रकल्प गळ्यात घेतला. म्हणजे शेवटी भार सार्वजनिक पैशावरच आला.

कराचा मुद्दा अधिक उघडपणे पुढे आला तो रायगडात. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने सेझमधल्या उद्योगांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण आणि पुढची पाच वर्षे निम्मी करमाफी दिली. मुद्रांक आणि इतर शुल्कांतही सूट. पेण, उरण, पनवेल पट्ट्यातील ४५ गावांवर महामुंबई सेझची टाच आली, तेव्हा एन. डी. पाटील, उल्का महाजन आदींच्या पुढाकाराने गावे उभी राहिली. भातशेती वाचवणे हा गाभा. पण ‘आम्ही हेटवण्याच्या पाण्याची वाट बघतोय आणि यांना पाणीही, करमाफीही’ हा रागही त्यात मिसळलेला होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारनेच लोकांचे मत घेतले. निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही, मात्र भूसंपादन पुढे सरकले नाही.

सवलतींचा हा एकच प्रकार नव्हे. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून मागास तालुक्यांत येणाऱ्या उद्योगांना वीजशुल्क, मुद्रांकशुल्क, विक्रीकर आणि पुढे जीएसटी यांत सूट किंवा परतावा देत आली आहे. केंद्राने इतर सवलती सोडणाऱ्या देशी कंपन्यांसाठी कंपनीकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, त्याची घोषणा तर कोकण किनाऱ्यावरच, पणजीत, २० सप्टेंबर २०१९ रोजी झाली. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, हा अंदाज अर्थमंत्र्यांनीच दिला होता.

अशा आकड्यांपुढे वाडीवरचा माणूस काय करणार? त्याच्या हाताला लागते ती ग्रामपंचायत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ खाली पंचायत इमारती व जमिनींवर कर बसवते आणि त्यातून कारखाना सुटत नाही. कलम १२५ मध्ये मात्र कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याची सोय आहे. खरी ग्यानबाची मेख इथेच. ठोक रक्कम किती, कधी ठरली आणि त्यानंतर कारखान्याच्या किती शेड वाढल्या, हे ग्रामसभेत सहसा कोणी विचारत नाही. विचारायचे तर ‘नमुना ८’ मागायचा. ही कर आकारणीची वही. तिच्यात प्रत्येक मिळकतीचा मालक, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि बसवलेला कर असतो. मागणी आणि वसुलीसाठी ‘नमुना ९’. एका ओळीत कुणा म्हातारीचे मातीच्या भिंतींचे कौलारू घर आणि चार पाने उलटल्यावर कंपनीचे गोदाम, अशी ती वही वाचून दाखवली की सभेचा सूर बदलतो. घरपट्टी थकली तर गावकऱ्याला दाखल्यासाठी हेलपाटे पडतात; कंपनीला दाखला लागत नाही, तिचे वकील अपील करतात. माहिती अधिकारात दोन्ही नमुन्यांच्या प्रती मिळू शकतात. खाणपट्ट्यात, उदाहरणार्थ दोडामार्गातील कळणे भागात, यालाच जोडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीचा प्रश्न येतो. २०१५ पासून जुन्या खाणपट्टाधारकांनी स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्क्यांइतकी जादा रक्कम त्यात भरायची असते आणि ती बाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणावर खर्च व्हायची असते.

कपातीची बाजू लोकांना जास्त जवळची. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असा शिक्षणहक्काच्या नियमांचा दंडक. नकाशावरचा किलोमीटर आणि पावसाळ्यातला किलोमीटर कोकणात एक नसतो. मधे पऱ्या (ओढा) असतो, साकव (छोटा पूल) वाहून गेलेला असतो आणि सहा वर्षांचे पोर पलीकडच्या वाडीत जाऊ शकत नाही. राज्याने डिसेंबर २०१७ मध्ये कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत हलवण्याचे ठरवले. २०२३ मध्ये समूह शाळांचा (अनेक छोट्या शाळा मिळून एक मोठी) विचार पुढे आला आणि १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या) निर्णयाने कमी पटाच्या शाळांतली शिक्षकांची पदेच धोक्यात आली. डोंगरात विखुरलेल्या वाड्या आणि मुंबईकडे गेलेली कुटुंबे यांमुळे रत्नागिरी, सिंधुदुर्गात कमी पट हा नियमच आहे, त्यामुळे इथे हा फटका जोरात बसतो. एसटीचे तसेच. महामंडळाचे राज्य सरकारात विलीनीकरण व्हावे म्हणून २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. विलीनीकरण झाले नाही. प्रवासी मात्र वडापकडे (खासगी गाड्यांकडे) वळले आणि रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी पुन्हा सुरू करा, ही निवेदने आगारप्रमुखांच्या टेबलावर येत राहिली. पनवेल, तळोजा, उरणसह महानगर पट्ट्यात खासगी कंपनीला समांतर वीजवितरणाचा परवाना देण्याविरुद्ध ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचारी संपावर गेले. खासगीकरण करणार नाही, असे सरकारने सांगितल्यावर त्याच दिवशी संप मिटला.

करसवलत आणि सेवाकपात या दोन बाजू कोकणात क्वचितच एका मोर्चात दिसतात. सेझविरोधात शेतकरी, शाळेसाठी पालक आणि शिक्षक संघटना, एसटीसाठी कर्मचारी, असे ज्याचे त्याचे दार वेगळे. याचे एक कारण चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेला कोकणी माणूस. शाळेचे पत्रे, देवळाकडचा रस्ता, विहिरीचा पंप ही कामे गावच्या मुंबई मंडळाने वर्गणीतून करायची, ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. गाव त्यावर तगले हे खरे. पण सरकारकडे हक्काने मागायची धारही त्याने बोथट केली. वर्गणीची जागा आता काही ठिकाणी कंपनीच्या सीएसआरने (सामाजिक जबाबदारीच्या खर्चाने) घेतली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत तर देणगीदाराच्या पसंतीचे नाव सरकारी शाळेला काही वर्षांसाठी देण्याची मुभा आली. शिक्षक संघटनांनी तिला विरोध केला. देणगीचा फलक शाळेच्या भिंतीवर लागतो आणि माफ झालेल्या कराचा आकडा अर्थसंकल्पाच्या परिशिष्टात राहतो. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचणारे कार्यकर्ते कोकणात आहेत, पण थोडे, आणि बहुतेक जण माहिती अधिकाराच्या अर्जांत गुंतलेले.