डील ऑर नो डील

नशीब आणि निर्णय यांवर आधारलेला दूरचित्रवाणी खेळ. हे स्वरूप नेदरलँड्समध्ये घडले. तिथल्या ‘मिलयुनेनयाख्त’ या कार्यक्रमात 2002 मध्ये ते प्रथम दिसले आणि पुढे अनेक देशांनी ते उचलले. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर नोएल एडमंड्स आणि अमेरिकेत एनबीसीवर हाउवी मँडेल यांच्या सूत्रसंचालनाखाली तो सुरू झाला. ब्रिटनमध्ये 22 पेट्या होत्या, तर अमेरिकेत 26. सोनी वाहिनीवर त्याची हिंदी आवृत्ती ‘डील या नो डील’ या नावाने आली.

अमेरिकी आवृत्तीत पेट्यांमध्ये एका सेंटपासून 10 लाख डॉलरपर्यंतच्या रकमा असतात. स्पर्धक एक पेटी स्वतःसाठी निवडतो, पण ती उघडत नाही. उरलेल्यांपैकी आधी सहा, मग पाच, चार अशा पेट्या तो उघडत जातो. उघडलेली प्रत्येक रक्कम खेळातून बाद होते. प्रत्येक फेरीनंतर न दिसणारा ‘बँकर’ फोनवरून स्पर्धकाची पेटी विकत घेण्याचा भाव सांगतो. ‘डील’ म्हटले की तेवढे पैसे मिळून खेळ संपतो. ‘नो डील’ म्हटले की पुढची फेरी.

इथे ज्ञानाची परीक्षा नाही, आणि पेट्या निवडण्यातही कसलेच कौशल्य नाही. खरा निर्णय एकच: समोरचा भाव घ्यायचा की नाही. सुरुवातीला सर्व रकमांची सरासरी सुमारे 1,31,478 डॉलर असते. पहिले प्रस्ताव उरलेल्या रकमांच्या सरासरीपेक्षा बरेच कमी असतात, नंतरचे तिच्या जवळ येतात. तरीही सरासरीपेक्षा कमी भाव स्वीकारणे मूर्खपणाचे नव्हे. शेवटी 100 आणि 1,00,000 अशा दोनच रकमा उरल्या, तर 40,000 ची खात्री सोडणे कर्जबाजारी माणसाला परवडणारे नसते.

या खेळाची गल्लत ‘माँटी हॉल’ कोड्याशी हमखास होते. त्या कोड्यात तीन दरवाजांपैकी एकामागे बक्षीस असते आणि स्पर्धक एक दरवाजा निवडतो. बक्षीस कुठे आहे हे सूत्रसंचालकाला ठाऊक असते आणि तो उरलेल्या दोनांपैकी मुद्दाम रिकामा दरवाजा उघडतो. म्हणून निवड बदलल्यास जिंकण्याची शक्यता एक तृतीयांशावरून दोन तृतीयांशावर जाते. इथे स्पर्धक आंधळेपणाने पेट्या उघडतो. शेवटपर्यंत खेळल्यास 26 खेळांपैकी सरासरी दोनांतच 10 लाखांची रक्कम टिकते: एकदा स्वतःच्या पेटीत, एकदा शेवटी उरलेल्या दुसऱ्या पेटीत. पेटी बदलून काहीच पदरी पडत नाही.

अर्थशास्त्रज्ञांना हा खेळ मोलाचा वाटला, कारण प्रयोगशाळेत एवढ्या मोठ्या रकमा पणाला लावता येत नाहीत. थिएरी पोस्ट, मार्टिन फान देन असेम, खिडो बाल्टुसेन आणि रिचर्ड थेलर यांनी 2008 मध्ये नेदरलँड्स, जर्मनी आणि अमेरिकेतील 151 स्पर्धकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले, की मोठ्या रकमा गमावलेले स्पर्धक आणि अनपेक्षितपणे फायद्यात आलेले स्पर्धक, दोघेही जास्त धोका पत्करतात. हातची मोठी संधी गेलेल्याला नंतरचा प्रस्ताव क्षुल्लक वाटतो. आधी गेलेली रक्कम परत येणार नसते, हे ठाऊक असूनही तो तिच्याच मापाने नवा भाव मोजत राहतो.