मेंदू दहाच टक्के वापरला जातो? खुलासा

जळगाव-धुळ्याकडे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना अजूनही सांगतात, की माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, उरलेला 'जागा' केला की स्मरणशक्ती वाढते. हे साफ खोटं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा लागते सुमारे २० टक्के. निकामी भागावर शरीर एवढी उधळण करेल?

आठवण साठते ती चेतापेशींमधल्या जोडण्या बळकट होऊन. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागात, वेगवान विद्युतस्पंद दिले; त्यानंतर कित्येक तास तिथला प्रतिसाद वाढलेलाच राहिला, म्हणजे जोडण्या बळकट झाल्या होत्या. शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत चालतं. अभ्यासिकेत रात्र-रात्र जागणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगा हो!