फाइल पुनर्प्राप्ती, सामायिक साठ्यातील

कार्यालयात अनेकांनी मिळून वापरायच्या साठ्यातून डिलीट झालेली फाइल, किंवा जिच्यावर दुसराच मजकूर सेव्ह झाला आहे अशा फाइलचा आधीचा मजकूर, परत मिळवण्याची प्रक्रिया. रोजच्या बोलण्यात याला ‘फाइल रिस्टोअर करणे’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट, वनड्राइव्ह आणि टीम्स, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, नेक्स्टक्लाउड अशा साधनांच्या संदर्भात हा प्रश्न वारंवार उद्भवतो.

एकट्याच्या संगणकावरची फाइल परत मिळवणे हा वेगळा मामला होता. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीत फाइल पुसली की तिच्या नावाचे पहिले अक्षर बदले आणि तिची जागा मोकळी मानली जाई. मजकूर डिस्कवर तसाच पडून असे. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये आणलेले ‘अनइरेज’ हे सॉफ्टवेअर याच गोष्टीचा उपयोग करून घेई. त्या काळचा पहिला सल्ला ‘संगणकाला हात लावू नका’ असा असे, कारण नवी फाइल त्या जागेवर बसली की जुनी कायमची गेली. सामायिक साठ्यात डिस्क वापरणाऱ्याच्या हाती नसतेच. तिथे फाइल परत येईल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते: ती कोणाच्या खात्यात होती, ती जाऊन किती दिवस झाले आणि साठ्याचे नियम आधी कोणी कसे लावून ठेवले होते.

डिलीट झालेली फाइल आधी कचरापेटीत जाते. शेअरपॉइंटमध्ये या पेट्या दोन आहेत. पहिली पेटी त्या साइटवर, म्हणजे टीमच्या सामायिक जागेवर, काम करणाऱ्यांना दिसते. तिथूनही फाइल काढली की ती दुसऱ्या पेटीत जाते आणि ती पेटी फक्त साइटच्या ॲडमिनला उघडता येते. दोन्ही पेट्यांची मिळून मुदत ९३ दिवसांची. ही मुदत फाइल मुळात डिलीट झाली त्या दिवसापासून मोजतात. दुसऱ्या पेटीत गेल्यावर मोजणी नव्याने सुरू होत नाही. नुकसान लक्षात आले तो दिवस तर हिशेबातच नसतो. तिमाही अहवालाची फाइल पुढच्या तिमाहीत शोधायला जावे तेव्हा बहुतेक दिवस संपलेले असतात, ते यामुळेच. ९३ दिवसांनंतरही मायक्रोसॉफ्टकडे आणखी १४ दिवस बॅकअप राहतो, पण त्यातून अख्खी साइट मागे नेता येते, एखादी फाइल वेचून मिळत नाही. त्यामुळे चालू कामाच्या साइटसाठी हा मार्ग जवळपास निरुपयोगी आहे.

गूगल ड्राइव्हमध्ये एके काळी ट्रॅशमधल्या फाइली कोणी रिकामी करेपर्यंत पडून राहत. १३ ऑक्टोबर २०२० पासून त्या ३० दिवसांनी आपोआप नाहीशा होतात. कार्यालयीन खाते असेल तर ट्रॅश रिकामी झाल्यावरही २५ दिवसांपर्यंत ॲडमिन त्या परत आणू शकतो. ड्रॉपबॉक्सच्या वैयक्तिक खात्यांत ही मुदत ३० दिवस, व्यावसायिक खात्यांत साधारणपणे १८० दिवस असते.

मुदतीचे आकडे पाठ करता येतात. खरा गोंधळ होतो तो फाइल कुठे होती यावरून. टीम्समध्ये दिसणारी फाइल टीम्समध्ये नसते. चॅनलवर टाकलेली फाइल त्या टीमच्या शेअरपॉइंट साइटवर असते, तर खासगी चॅटमध्ये पाठवलेली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये असते. चॅनलवरचा संदेश पुसला तरी फाइल जागच्या जागी राहते. उलट चॅटमधली फाइल पाठवणाऱ्याने आपल्या वनड्राइव्हमधून काढली, तर समोरच्याकडे नुसता दुवा उरतो आणि त्याने स्वतःची कचरापेटी कितीही चाळली तरी तिथे काही सापडत नाही. गूगल ड्राइव्हमध्ये दुसऱ्याच्या मालकीची फाइल सामायिक फोल्डरातून काढली, तर फोल्डरातली तिची जागा जाते, फाइल मालकाकडे राहते. ‘डिलीट झाली’ म्हणून आलेल्या तक्रारींत अशा हललेल्या फाइली पुष्कळ असतात. म्हणून आधी मालक कोण हे विचारावे, पेटी नंतर उघडावी.

मालकीचा सर्वांत मोठा फटका नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या खात्यामुळे बसतो. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत वापरणाऱ्याचे खाते काढल्यावर त्याचे वनड्राइव्ह ३० दिवस टिकते. ॲडमिनने आधीच ठरवले असेल तर ही मुदत ३,६५० दिवसांपर्यंत वाढवता येते. गूगलमध्ये काढलेले खाते २० दिवसांत परत आणता येते, आणि खाते काढतानाच फाइली दुसऱ्याच्या नावावर करण्याची सोय असते. निरोप समारंभ झाला, लॅपटॉप जमा झाला, खाते बंद झाले आणि तीन वर्षांची दरपत्रके त्या एका माणसाच्या नावावर होती हे महिन्याभराने कळले, असे घडते. कार्यालयाची फाइल व्यक्तीच्या नावावर ठेवणे हीच इथली मूळ चूक आहे. टीमच्या साइटवर किंवा गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हवर मालकी संस्थेची असते आणि माणूस गेला तरी फाइल राहते.

ओव्हरराइट झालेली फाइल कचरापेटीत मिळत नाही, कारण ती डिलीट झालेलीच नसते. तिच्यासाठी आवृत्ती-इतिहास, म्हणजे ‘व्हर्जन हिस्टरी’ पाहावी लागते. शेअरपॉइंटच्या नव्या लायब्ररीत, म्हणजे फाइली ठेवण्याच्या कप्प्यात, मूळ मांडणीनुसार ५०० मुख्य आवृत्त्या राहतात. जुनी आवृत्ती रिस्टोअर केली की ती सर्वांत वर नवी आवृत्ती म्हणून बसते आणि मधल्या सगळ्या तशाच राहतात. त्यामुळे हे पाऊल निर्धास्तपणे उचलावे. चुकीची आवृत्ती आणली तरी पुन्हा मागे जाता येते. गूगल डॉक्स आणि शीट्समध्येही असा इतिहास असतो आणि महत्त्वाच्या टप्प्याला नाव देता येते. पण ड्राइव्हवर चढवलेल्या पीडीएफ किंवा वर्डच्या फाइलीच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर जातात; ती आवृत्ती कायम ठेवण्याची खूण आधी केली असेल तरच वाचते.

एक्सेलमध्ये ‘ऑटोसेव्ह’ चालू असताना मागच्या महिन्याचा तक्ता उघडून त्यावरच या महिन्याचे आकडे भरायला घेतले, तर ‘सेव्ह ॲज’ आठवेपर्यंत मागचा महिना पुसलेला असतो. हा अपघात आवृत्ती-इतिहासातून दोन मिनिटांत निस्तरतो. त्याहून किचकट प्रकार म्हणजे आधीची फाइल डिलीट करून त्याच नावाची नवी फाइल चढवणे. जुना इतिहास अशा वेळी कचरापेटीतल्या फाइलबरोबर राहतो, नव्या फाइलचा इतिहास पहिल्यापासून सुरू होतो. जुनी परत आणण्याआधी नवीचे नाव बदलून घ्यावे, म्हणजे दोघींची टक्कर होत नाही.

मराठी कार्यालयांत याची एक खास तऱ्हा आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. फाइल खराब झाली असे समजून कोणी ती पुसते, कोणी तिच्यावर नवा मजकूर टंकते. फाइल धडधाकट असते. फॉन्ट बसवून किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करून पाहणे हेच तिथले रिस्टोअर.

सिंक, म्हणजे सगळ्या उपकरणांवरच्या प्रती आपोआप सारख्या ठेवणे, हा बॅकअप नव्हे. एका लॅपटॉपवर फोल्डर पुसला की तो सगळीकडून पुसला जातो. खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेल्या फाइलीही तशाच इमानाने सगळीकडे पोहोचतात. अशा सामूहिक नुकसानीसाठी वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंट लायब्ररी गेल्या ३० दिवसांतल्या कोणत्याही क्षणाला मागे नेता येते. एकेक फाइल उचलत बसण्यापेक्षा हे बरे, मात्र त्या क्षणानंतर झालेले चांगले कामही मागे जाते.

भारतात कंपन्यांना हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची बंद न करता येणारी नोंद सक्तीची आहे. त्यामुळे अशा कागदांसाठी ९३ दिवसांच्या पेटीवर विसंबणे पुरत नाही. धारणा धोरण (‘रिटेन्शन पॉलिसी’), म्हणजे फाइल किती काळ राखायची याचा नियम, लावावे लागते. ते लावलेले असेल तर वापरणाऱ्याने डिलीट केलेल्या फाइलची प्रत शेअरपॉइंट एका राखीव लायब्ररीत ठेवतो. दुसरीकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, काम संपल्यावर आणि दुसऱ्या कायद्याने जपायला सांगितली नसेल तर, वैयक्तिक माहिती पुसावी अशीही तरतूद आहे. सगळेच कायमचे राखून ठेवावे, हा मार्ग त्यामुळे उरत नाही.

सेवा देणाऱ्याकडूनही चुका होतात. एप्रिल २०२२ मध्ये जिरा आणि कॉन्फ्लुएन्स ही टीमच्या कामाची ऑनलाइन साधने बनवणाऱ्या ॲटलाशियन कंपनीत एक जुने ॲप काढण्यासाठी स्क्रिप्ट चालवली गेली. तिला ॲपच्या ओळख-क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या अख्ख्या साइटचे क्रमांक दिले गेले होते आणि ७७५ ग्राहकांच्या साइट पुसल्या गेल्या. बॅकअप होते, पण बाकीच्या ग्राहकांना धक्का न लावता एवढ्या निवडक ग्राहकांचाच साठा परत बसवण्याची तयार यंत्रणा नव्हती. काही जणांना दोन आठवडे वाट पाहावी लागली आणि काम पूर्ण झाले ते १८ एप्रिलला.